विचारून मारणारा माणूस

"म्याडम, तुमाला मारलं तर चालतंय का?"

बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरात मी नुकतीच येऊन पोचले होते. बँकेने बदली केलेली, नवरा आणि घर उदगीरला, हातात गॅसची शेगडी, आणि समोर दारात उभे असलेले घरमालक मला हे विचारत होते. आवाज असा, की जणू चहात साखर किती घालू म्हणून विचारतायत. मी शेगडी खाली ठेवायची ती उलट छातीशी धरली. तेवढ्यात आतून बाईमाणसाचा आवाज आला, "अवं, पोरीला आधी पानी तरी द्या. मंग मारा."

ही माझी आणि अण्णांची पहिली भेट. पाणी पिऊन झाल्यावर खुलासा झाला. अण्णा कादंबरी लिहीत होते. बहमनींच्या काळात बिदर मुलखात एक म्हामारी येते आणि त्यात माणसं पटापट मरतात, अशी ती कादंबरी. मरायला माणसं लागतात आणि ती अण्णा मनाने रचत नसत. गावातलीच घेत. पण घेण्याआधी त्या त्या माणसाला विचारत. "परवानगी न घेता मारायला मी काय देव हाव का?" असं त्यांचं म्हणणं होतं.

असली घरं मालकासकट भाड्याने मिळतात. मला हा मालक मिळाला आणि आज इतक्या वर्षांनी सांगते, त्यांच्याइतका अचाट माणूस मी पुन्हा पाहिलेला नाही.

अण्णांचा धंदा मांडवाचा. कनाती, झालरी, बांबू, सतरंज्या, पातेली, खुर्च्या असं सगळं सामान लग्नाला, बारशाला आणि तेराव्यालाही भाड्याने द्यायचं. अंगणात खुर्च्यांच्या उतरंडी छतापर्यंत गेलेल्या, पण अण्णा स्वतः कधी खुर्चीवर बसले नाहीत. उकिडवे बसत, नाहीतर उभ्याने वावरत. "खुर्ची भाड्यानं द्यायची वस्तू हाय, बसायची न्हाई." जेवणसुद्धा हातात थाळी घेऊन, येरझाऱ्या घालत. लग्नात वाढप्यांवर नजर ठेवायची सवय घरातही सुटली नव्हती. अक्का, म्हणजे त्यांची बायको, भाकरी थापता थापता म्हणायच्या, "घरात जेवायला दोगं आन् मढी चारशे. ह्या बाबाचा परपंच आसला हाय."

घरातल्या प्रत्येक भांड्यावर लाल रंगात अण्णांचं नाव. पराती, पळ्या, पाट, सगळ्यावर. एकदा मी माझा कुकर खाली धुवायला ठेवला तर तासाभरात त्यावरही नाव आलं. तो कुकर आजही माझ्याकडे आहे आणि आता लातूरच्या घरी आलेले पाहुणे विचारतात, हे कोण?

मांडववाल्याला जे दिसतं ते गावात दुसऱ्या कुणाला दिसत नाही. अण्णा म्हणायचे, "लग्नात मानसं खोटं हसत्यात आन् मयतीत खोटं रडत्यात. चाळीस वरसं बघायलोय. मला येक गाव आसं लिवायचंय की तिथं मयतीत लोक खरं हसतेत." इतकं बोलून ते पुढे जात. आपण काही मोठं बोललो याची त्यांना गंधवार्ता नसे.

कादंबरी ते लिहीत लग्नपत्रिकांच्या पाठीवर. प्रत्येक लग्नघरी पत्रिका उरतातच. त्या उरलेल्या पत्रिकांचे गठ्ठे अण्णा मांडवाच्या सामानाबरोबर टेम्पोत घालून आणत. पुढच्या बाजूला गणपती, सोनेरी वेलबुट्टी, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', आणि पाठीवर अण्णांच्या बारीक अक्षरात एखाद्या कोतवालाच्या काखेत गाठ आलेली. एका घरच्या पत्रिका संपल्या की एक प्रकरण संपलं. मोठ्या घरचं लग्न असलं की प्रकरण लांबायचं. मला वाटतं मराठीत एवढ्या शुभ कागदावर एवढं अशुभ लिहिणारा हा एकच लेखक.

कुणाच्या तरी ओळखीने एका प्रकाशकाने त्यातली काही प्रकरणं वाचली होती. त्याने कळवलं की लेखन जोरकस आहे, पण माणसं फार आहेत, कमी करा. अण्णा चक्रावले. मला म्हणाले, "म्याडम, म्हामारी हाय ती. दोन मानसं मरून म्हामारी व्हती का? त्येला ताप आला म्हन्तेत." त्यानंतर प्रकाशकाचा विषय त्यांनी काढला नाही.

कादंबरीची सुरुवात मरीआईच्या गाड्यापासून होते. रोग आला की देवीचा लाकडी गाडा सजवून वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचा, म्हणजे आपला रोग त्यांच्याकडे गेला, ही आपल्याकडची जुनी रीत. अण्णांच्या कादंबरीत आमचं गाव गाडा शेजारच्या ठाणाकुशनूरच्या शिवेत ढकलतं. ठाणाकुशनूरवाले तो परत आमच्याकडे ढकलतात. दोन्ही गावं इतकी दमतात की शेवटी शिवेवर समोरासमोर बसून एकमेकांच्या शिदोऱ्या खातात, मग ताजेतवाने होऊन पुन्हा ढकलायला लागतात. देवी मध्ये. हे त्यांनी मला गच्चीवर पापड वाळत घालताना वाचून दाखवलं आणि मी हसून हसून पापडांत बसले.

परवानगीचा कार्यक्रम बघण्यासारखा असे. सकाळी बाजारात निघताना अण्णा खिशात पेन घेत आणि कुणाला गाठायचं ते अक्कांना सांगून जात. पहिल्या पहिल्यांदा लोकांनी शिव्या घातल्या म्हणे. मी गेले तोवर उलटं झालं होतं. लोक स्वतःहून यायचे. ज्याला कादंबरीत मरण मिळालं नाही त्याला गावात किंमत नाही, इथवर पाळी आली होती. शेवटी काय खायचं आणि शेवटचं काय बोलायचं, हे ज्याने त्याने ठरवायचं. त्यात अण्णा ढवळाढवळ करत नसत.

पंक्चरवाले सत्तारभाई म्हणाले, "मेरेकू मारना है तो मारो अण्णा, मगर भूका नक्को मारो." तेव्हा सत्तारभाई सुलतानाच्या मुदपाकखान्यात दम बिर्याणीची पहिली चव घेऊन, "नमक कम है," म्हणून डोळे मिटतात. एका भाजीवालीला सासूच्या आधी मरायचं नव्हतं. अण्णांनी सासूला आधी नेलं, तिला नंतर, पण मध्ये तिला एक पूर्ण दिवस मोकळा दिला. त्या दिवसात ती काही करत नाही. नुसती ओसरीवर पाय पसरून बसते. मी बरेच दिवस नाही म्हणत होते. अखेर मीही शाही खजिन्यातली कारकून झाले. जीव जाता जाता परत उठून कुलूप ओढून बघते आणि मग मरते. माझ्या नवऱ्याने वाचलं तेव्हा म्हणाला, या माणसाने तुला बरोबर ओळखलंय.

परवानगी दिली नाही ती एकट्या अक्कांनी. "मी मेले तर भाकर कोन करनार? तुमच्या कादंबरीत काय भाकर लागत न्हाई का?" अण्णांनी मुकाट्याने मान डोलवली. सबंध मुलूख मेला तरी कादंबरीत एक चूल पेटलेली आहे, ती अक्कांची.

आणि एक सुजातासिस्टर. आमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आजोबांच्या पिढीत बौद्ध झालेलं घर, बोलायला सरळ. अण्णांनी विचारलं तेव्हा मी तिथेच होते. सिस्टर म्हणाल्या, "अण्णा, जुन्या काळची गोष्ट म्हनजे आमच्या लोकांला तुमी काय काम लावनार ते मला म्हाईत हाय. गाडा वडायला आमी. मढी वडायला आमी. तेच पुन्यांदा कागदावर कामून लिवायलात?"

अण्णा तसेच घरी आले आणि लिहिलेले गठ्ठेच्या गठ्ठे त्यांनी फाडले. अक्का घाबरल्या, मीही घाबरले. महिनाभर पेनाला हात नाही. मग एका रविवारी सिस्टरांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि नवी कथा सांगितली. उंदीर पडायला लागतात, तशी वेशीबाहेरची वस्ती रात न घालवता उठते, दूर माळावर झोपड्या घालते आणि परत येत नाही. बोलावणं गेलं तरी येत नाही. आता गावात मढी उचलायची कुणी? पाटलाला तिरडी बांधता येत नाही. कुलकर्ण्याला गाठ मारता येत नाही. दिवाणाला खांदा कसा द्यायचा हेच ठाऊक नाही, कारण जन्मात कधी कशाला खांदा दिलेला नाही. सगळी मातब्बर मंडळी मेलेल्याभोवती उभी राहून भांडतायत. कादंबरीचा सगळा विनोद तिथून सुरू झाला, आणि तिचा नियमही तिथेच ठरला. कितीही मरोत, कसलीही धांदल असो, चार खांदे मिळाल्याशिवाय एकही माणूस जाणार नाही.

सिस्टर तोंडाला पदर लावून हसल्या. "आन् आमचे कोन मरतेत त्यात?"

"तुमच्यातलं कोनीच मरत न्हाई."

"मंग मला कामून इचारायलात?"

"जगवायलाबी इचारावं लागतंय की," अण्णा म्हणाले.

या माणसाचं शिक्षण सातवीपर्यंत झालेलं. मी त्या दिवशी त्यांच्याकडे बघतच राहिले. लिहिलेलं फाडायला जी छाती लागते ती मी बँकेत चुकलेलं व्हाउचर फाडतानाही दाखवू शकत नाही.

नागनाथ टेलर अण्णांचे जिवलग. दोघांची दुकानं समोरासमोर. मांडवाच्या झालरी नागनाथ शिवायचे, आणि उरलेल्या वेळात गावाचे कपडे. माणूस हसरा, हात सफाईदार, पण एक खोड. प्रत्येक कपडा बोटभर घट्ट शिवायचा. शर्ट असो, ब्लाऊज असो, श्वास घेतला की कळायचं, नागनाथचा आहे. तक्रार केली की म्हणत, "कापड सैल न्हाई, तुमी सुटायलात. दोन दिवस कमी खावा."

त्यांचं मरण म्हणजे कादंबरीतलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. त्यात नागनाथ साऱ्या बिदरसाठी कफनं शिवतो आणि मेलेल्यांना ट्रायल घालून बघितल्याशिवाय सोडत नाही. पहिल्यांदाच गिऱ्हाईकांची तक्रार नाही म्हणून खूश असतो. मग तोही जातो. खांदा द्यायला दिवाण, कोतवाल, पाटील आणि कुलकर्णी. चौघांच्याही अंगात नागनाथनेच शिवलेले अंगरखे. 'राम' म्हणून चौघं तिरडी उचलतात आणि चौघांचेही अंगरखे काखेत टरकन फाटतात. हे प्रकरण नागनाथनी स्वतःच्या दुकानात गिऱ्हाइकांना इतक्यांदा वाचून दाखवलं होतं की गावाला ते पाठ होतं.

ते लिहून होण्याआधी अण्णांना एक शंका आली. बिदरच्या किल्ल्याच्या दरवाजात वळण आहे. चौघांच्या खांद्यावरची तिरडी त्या वळणातून जाते की अडते? साधा माणूस अंदाजाने लिहून मोकळा झाला असता. अण्णांनी टेम्पोत बांबू टाकले, सत्तारभाईंना घेतलं, नागनाथना घेतलं आणि रविवार म्हणून मलाही. किल्ल्यासमोर बसून त्यांनी तिरडी बांधली. नागनाथ वर जाऊन आडवे झाले आणि लगेच कुरकुरले, "कमरंत सैल हाय. घ्या जरा."

पुढे अण्णा आणि सत्तारभाई. मागे एक खांदा मी दिला, कारण माणसं कमी पडत होती. बायका खांदा देत नाहीत, पण जिवंत माणसाला द्यायला कुणाची हरकत असणार? तरी एक जण हवाच होता. शेंगदाणे विकणाऱ्या एका माणसाने टोपली बाजूला ठेवली आणि खांदा लावून विचारलं, "किधर लेके जाना है इनकू?" वरून नागनाथ म्हणाले, "अंदर. आराम से." शेंगदाणेवाल्याने तिरडी टाकलीच असती, अण्णांनी कशीबशी सावरली. बघायला आलेल्यांनी हात जोडले, चपला काढल्या. नागनाथनी पडल्या पडल्या त्यांना नमस्कार केला तेव्हा एक बाई किंचाळली. मग रखवालदार आला. कानडीत सुरू झाला, कोण मेलं, कधी मेलं, आत कशाला आणलं? अण्णांनी त्याला त्याच्याच भाषेत शांतपणे समजावलं, मेलं कुणी नाही, अजून लिहायचं आहे. तो एवढा गोंधळला की बाजूला झाला. तिरडी वळणातून गेली. थोडी तिरकी करावी लागली. परतताना टेम्पोत नागनाथ म्हणाले, "लई झ्याक वाटलं राव. चौघं उचलल्यावर मानूस हलका व्हतंय." आम्ही सगळे शेंगदाणे खात होतो.

मग कोरोना आला.

नागनाथना ताप भरला, धाप लागली, आणि त्यांना बिदरला नेलं. गाडीत घरच्या कुणालाही बसू दिलं नाही. मुलगा बालाजी पुण्यात नोकरीला, सगळं बंद, हद्दीवर अडवलेला. बायको काशीबाई घरात, दाराला पट्टी लावलेली. काही दिवसांनी फोनवर कळवलं, गेले. शरीर दिलं नाही. कुठे नेलं, कुणी नेलं, काही कळलं नाही. ज्या बिदरमध्ये आम्ही त्यांना हसत हसत खांद्यावर मिरवलं होतं तिथेच ते एकही खांदा न मिळता गेले. 

गावात बोललं जाऊ लागलं. "अण्णानं लिवलं आन् झालं." आधी कुजबूज, मग उघड. ज्यांनी हौसेने मरण मागून घेतलं होतं ते लांब उभे राहून, तोंडाला फडकं बांधून नाव काढून घ्या म्हणून सांगू लागले. सत्तारभाईसुद्धा आले. ओशाळले होते बिचारे, पण आले. अण्णा प्रत्येकाला एकच सांगत, "काढलो. जावा." बालाजी पुण्याहून पोचला तेव्हा घरी जायच्या आधी आमच्या फाटकाशी आला आणि ओरडला, "माझ्या बापाला हसण्यावारी मारलाव तुमी! ते कागद जाळा, न्हाईतर मी येऊन जाळतो." अण्णा त्यालाही म्हणाले, जाळतो.

त्या दिवशी मी अण्णांना खुर्चीवर बसलेलं पाहिलं. अंगणातल्या उतरंडीतली एक ओढून ते तिच्यावर बसले होते, पाठ टेकून, परक्याच्या मांडवात बसावं तसे. अक्का मला हळूच म्हणाल्या, "हे काय खरं न्हाई बाई."

दुपारी त्यांनी पाणी तापवायचा बंब अंगणात घेतला, पेटवला आणि पत्रिका आत घालायला सुरुवात केली. मी समजावत होते, अक्का हात धरत होत्या, ते ऐकत नव्हते. चांगला जाड कागद, सोनेरी शाई, हिरवट जाळ व्हायचा. भाजीवालीचा मोकळा दिवस गेला. माझं कुलूप गेलं. तेवढ्यात फाटक वाजलं आणि काशीबाई आत आल्या. त्यांच्या मागे बालाजी, फाटकातच थांबलेला, आईला परत न्यायला आलेला.

आता ही बाई शिव्याशाप देणार असं आम्हा सगळ्यांना वाटलं. तिचा हक्कच होता. अण्णा उठून उभे राहिले.

"भावजी," काशीबाई म्हणाल्या, "माझ्या मानसाचं जळालं का हाय?"

"हाय. शेवटी ठिवलोय."

"वाचा."

अण्णा खाली बघत म्हणाले, "वैनी, ते हसायचं हाय. आता ते नका आयकू."

"मला म्हाईत हाय कसलं हाय ते. दुकानात धा बारी आयकलेय." त्या जमिनीवर बसल्या. "मला कोनी काय सांगितलं न्हाई, भावजी. दवाखान्यावाले म्हनले गेले. कसे गेले, जवळ कोन व्हतं, तोंडात पानी कोन घातलं, कोन उचललं, काय म्हनून काय न्हाई. डोळे मिटले की नुसता अंधार दिसायलाय. तुमच्यापाशी तरी काय हाय. तेच सांगा."

अण्णांनी गठ्ठा सोडला. बालाजीच्याच बहिणीच्या लग्नातल्या पत्रिका होत्या त्या. पुढच्या बाजूला निमंत्रक म्हणून नागनाथांचं नाव, ते मला उलट्या बाजूने दिसत होतं. अण्णा वाचू लागले.  चारशे माणसांच्या मांडवात ध्वनिक्षेपकाशिवाय ऐकू जाणारा तो आवाज, अक्षरं शोधत होता. कफनाची ट्रायल आली. काशीबाई स्थिर. नागनाथ आजारी पडतो ते आलं. त्याच्या उशाशी सारी गल्ली जमते, कोण पंखा घालतंय, कोण पाय चेपतंय, नागनाथ प्रत्येकाच्या कपड्याची शिवण बोटाने चाचपून बघतोय, ते आलं. काशीबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

मग चौघांनी उचललं आणि अंगरखे फाटले. काशीबाई हसल्या. अगदी फसकन, आवरताच आलं नाही तसं. "तसंच शिवायचे ओ," त्या म्हणाल्या, "माझं येक झंपर धड बसलं न्हाई जन्मात." आणि ते म्हणता म्हणता त्यांना जो हुंदका फुटला तो मी विसरणार नाही. ती बातमी आल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, हे अक्कांनी मला नंतर सांगितलं. अक्का त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. कसलं अंतर आणि कसलं काय. बंबात जाळ नुसताच चालू होता.

अण्णांनी शेवटची पत्रिका वाचली. फाटक्या काखांनी चौघं विसाव्यापर्यंत पोचतात, तिरडी खाली ठेवतात आणि एकमेकांकडे बघून हसत सुटतात. प्रकरण तिथे संपत होतं. अण्णांनी गठ्ठा मांडीवर ठेवला.

काशीबाईंनी पदराने तोंड पुसलं. "पुढं?"

"पुढं न्हाई, वैनी. नागनाथच म्हनला व्हता, हितंच सोड. लोकं हसत घरी जाऊ द्या."

"ते म्हनत्याल. त्यांला काय कळतंय." बाईचा आवाज एकदम बदलला. घरात एखाद्याने अर्धवट काम टाकलं की बायका ज्या आवाजात बोलतात, तो. "विसाव्यावर मानूस आसं ठिवून जातेत का? विसावा म्हनजे दम खायचा, खांदा बदलायचा आन् उचलायचं. माझा मानूस कव्हाचा वाटंत पडलाय. उचला त्यांला."

 अण्णांनी खिशात हात घातला. पेन नव्हतं, मी माझं दिलं. ते खुर्चीकडे गेले नाहीत. काशीबाईंसमोर उकिडवे बसले, एक कोरी पाठ गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "सांगा. खांदा कोनाचा?"

"पुडं तुमी आन् सत्तारभाई," काशीबाई म्हणाल्या. "मागं ह्या म्याडम आन् त्यो किल्ल्यावरला शेंगदानेवाला. त्यांनी येकदा दिलेला हाय, त्यांला सवय हाय." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

त्या सांगत गेल्या, अण्णा लिहीत गेले. बहमनी, सुलतान, दिवाण, सगळे मागे राहिले. वाट आमच्याच गावची होती, टेलरच्या दुकानावरून, मारुतीवरून, ओढ्याकडे. कोण कोण मागे चालतंय ते त्या एकेक करून सांगत होत्या आणि ज्यांनी ज्यांनी नाव काढून घेतलं होतं ते सगळे त्यात होते. लाकडं आंब्याची हवीत म्हणाल्या, बाभळीची नकोत, धूर होतो. अंगात तो निळा शर्ट, स्वतःच्या मापाचा शिवलेला, तेवढा एकच सैल होता. मी फाटकाकडे पाठ करून बसले होते. मला लाज वाटत नाही सांगायला, मी रडत होते आणि त्याच वेळी या दोघांकडे बघून अंगावर काटा येत होता. एक माणूस मांडव घालतो तसा कागदावर एक रस्ता घालत होता, आणि एक बाई आपल्या नवऱ्याला त्यावरून नेत होती.

ओढा आला. काशीबाई थांबल्या. 

अण्णांनी वर न बघता विचारलं, "तोंडात पानी कोन पाजलं, वैनी?"

काशीबाईंना सांगता येईना. अक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.  मग फाटकाची कडी वाजली आणि बालाजी आत आला. बंबापर्यंत आला, त्यातली अर्धी जळकी पत्रिका चिमट्याने बाहेर ओढून पायाखाली विझवली आणि आईशेजारी बसला.

"मी पाजलो," तो म्हणाला. "लिवा, अण्णा. मी पाजलो."

अण्णांनी ते लिहून घेतलं.